रोहिणी, नीला आणि माझा डावा हात

(दहावी १९७९ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'आरोग्य'. आरोग्यावर बोलायला आपल्या तुकडीत दोन डॉक्टर आहेत, दोघंही पहिल्या रांगेत बसलेत. मी पडलो पाणीपुरवठा खात्यातला माणूस. तीस-बत्तीस वर्षं पंप, पाइप, व्हॉल्व्ह आणि लोकांचे तक्रार अर्ज यांतच गेली. तेव्हा आरोग्य हा शब्द मी बाजूला ठेवतो आणि विज्ञानाच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न सोडवायला घेतो. 'फरक स्पष्ट करा : रोहिणी आणि नीला.' तीन गुण. आठवतंय? मधे उभी रेघ मारायची, डावीकडे रोहिणी, उजवीकडे नीला. रोहिणी हृदयापासून दूर रक्त नेते, नीला हृदयाकडे आणते. रोहिणीची भित्तिका जाड, नीलेची पातळ. रोहिणीत झडपा नसतात, नीलेत असतात. रोहिणीत शुद्ध रक्त, नीलेत अशुद्ध. आणि बाई हमखास खाली लाल शाईने लिहायच्या, "अपवाद?"

अपवाद फुप्फुसाचा. तिथे रोहिणीतून 'अशुद्ध' रक्त जातं आणि नीलेतून 'शुद्ध' परत येतं. हे ज्याने लिहिलं त्याला पूर्ण तीन. बाकीचे अडीच.

बाई, आज तुमच्यासमोर एक सांगायचं धाडस करतो. ते शुद्ध-अशुद्ध आता डोक्यातून काढून टाकलेलं बरं. नीलेतलं रक्त काही घाणेरडं नसतं. आपण नुसते बसलेलो असताना हृदयाकडे परत येणाऱ्या रक्तात चारातले जवळजवळ तीन हिस्से ऑक्सिजन शिल्लकच असतो. आणि ते निळंही नसतं. आपण आकृतीत निळ्या पेन्सिलीने रंगवायचो, म्हणून आपल्या सगळ्यांच्या मनात ते निळं बसलंय. प्रत्यक्षात गडद लाल, जांभळाच्या डागासारखं. मी ते आठवड्यातून तीन वेळा डोळ्यांनी बघतो. का बघतो, ते पुढे येईल.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्या बोलण्यात सगळ्याला 'शीर' म्हणतात. पायात शीर आखडली, शिरेवर शीर चढली, डोक्याची शीर उठली. 'नस' म्हटलं की कोणाला रक्तवाहिनी वाटते, कोणाला मज्जातंतू. दवाखान्यात सिस्टर म्हणते "शीर सापडत नाही", तेव्हा ती नीलेबद्दल बोलते. आणि वैद्य मनगटावर तीन बोटं ठेवून बघतो ती नाडी म्हणजे रोहिणी. नीलेला नाडी नसते. आज मी पुस्तकातलेच शब्द वापरतो : रोहिणी, नीला आणि त्या दोघींच्या मधल्या केशवाहिन्या. तीन गुणांच्या उत्तरात केशवाहिन्यांना जागाच नव्हती, आणि खरं काम तर त्याच करतात.

आता माझ्या खात्याच्या भाषेत सांगतो.

नदीकाठच्या पंपापासून जी मोठी वाहिनी निघते तिला आम्ही रायझिंग मेन म्हणतो. तिच्यावर सगळा दाब. हृदयातून निघणारी महारोहिणी तशीच. मोठ्या माणसात तिचा व्यास अडीच सेंटिमीटरच्या आसपास आणि भिंत साधारण दोन मिलिमीटर. भिंतीला तीन थर. आत गुळगुळीत अस्तर, मधे स्नायू आणि लवचिक तंतू, बाहेर बांधून ठेवणारं चिवट वेष्टन. नीलेतही हेच तीन थर असतात, पण मधला थर बारीक. म्हणून कापलेली रोहिणी गोल, उघड्या तोंडाची दिसते आणि कापलेली नीला मिटून चपटी होते. एक आमच्या जीआय पाइपासारखी, दुसरी बागेत पाणी घालायच्या मऊ नळीसारखी.

हा मधला थर लवचिक का, हे मला पंपिंग स्टेशनवर कळलं. पंप दणका देतो आणि थांबतो, दणका देतो आणि थांबतो. तो दणका तसाच वाहिनीत गेला तर सांधे निखळतात. म्हणून तिथे एअर व्हेसल बसवतात, अर्धी पाण्याने आणि अर्धी हवेने भरलेली टाकी. दणका आला की हवा दबते, दणका थांबला की हवा पाणी पुढे ढकलते. प्रवाह सलग होतो. महारोहिणी हेच करते. हृदयाने रक्त फेकलं की ती फुगते, हृदय विसावलं की ती आवळते आणि रक्त पुढे जात राहतं. १२० आणि ८० मधला ८० टिकतो तो या आवळण्यामुळे. नाहीतर दोन ठोक्यांच्या मधे दाब पार खाली कोसळला असता. ही उपमा माझी नाही बरं का. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७३३ सालीच अग्निशामक पंपाच्या हवाटाकीशी ही तुलना केली होती. त्याच माणसाने जिवंत घोडीच्या रोहिणीत पितळी नळी घालून तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच चढलं. रक्तदाब मोजल्याची ही पहिली नोंद. आपला १२० चा दाब तशा पाण्याच्या स्तंभात मोजला तर सुमारे एक मीटर त्रेसष्ट सेंटिमीटर भरतो. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या उंचीएवढा.

वय झालं की हे लवचिक तंतू झिजतात, भिंत कडक होते. एअर व्हेसलमधली हवा संपल्यासारखं होतं. म्हणून साठीनंतर वरचा आकडा वाढतो आणि खालचा बरेचदा तसाच राहतो. आज सकाळी नोंदणीच्या टेबलाशेजारी बीपी तपासायची सोय होती. तिथे गेलेल्यांपैकी कितीजण हसत बाहेर आले ते मी मोजलं. मोजता आले, एवढंच सांगतो.

रायझिंग मेननंतर वितरण. मोठी रोहिणी, तिच्या फांद्या, फांद्यांच्या फांद्या आणि शेवटी सूक्ष्म रोहिण्या. यांच्या भिंतीत जवळजवळ सगळा स्नायूच. या म्हणजे गावातला व्हॉल्व्हमन. पंप कितीही मोठा असो, कुठल्या आळीला किती पाणी जाणार हे तो व्हॉल्व्हमन ठरवतो. तुम्ही जेवलात की आतड्याकडचा व्हॉल्व्ह खुलतो, धावलात की पायाकडचा, थंडी वाजली की कातडीकडचा बंद होतो. रोहिण्यांतला बहुतेक दाब याच टप्प्यावर खर्च होतो. केशवाहिनीच्या तोंडाशी तो ३५ च्या आसपास उरतो, तिच्या शेवटी १५, आणि नीलेतून हृदयाच्या दाराशी पोचेपर्यंत जवळजवळ शून्य.

आता केशवाहिनी. नावात केस आहे, पण केस तिच्यापुढे दोरखंड. व्यास पाच ते दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहून कमी. तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची. अरुंद केशवाहिनीतून जाताना ती दुमडून, एकामागे एक, रांगेने जाते. भिंत किती जाड? एका पेशीची, तीही चपटी. स्नायू नाही, वेष्टन नाही. एवढ्या पातळ भिंतीने ३५ चा दाब कसा सोसला, असा माझ्यातल्या इंजिनिअरला पहिला प्रश्न पडला. उत्तर आमच्या पाइपांच्या सूत्रातच आहे. भिंतीवरचा ताण दाबावर आणि व्यासावर, दोन्हींवर अवलंबून असतो. तोच दाब, पण व्यास हजारो पटींनी कमी, म्हणून ताणही तितकाच कमी. महारोहिणीला दोन मिलिमीटरची भिंत लागते, हिला एक पेशी पुरते.

आणि ती पातळ असायलाच हवी, कारण देवाणघेवाण तिथेच होते. रोहिणी आणि नीला या नुसत्या वाहतुकीच्या. घरात पाणी येतं ते नळाच्या तोटीतून, रायझिंग मेनमधून कोणी घागर भरत नाही. ऑक्सिजन, साखर बाहेर, कार्बन डायऑक्साइड आणि टाकाऊ पदार्थ आत, हे सगळं या भिंतीतून. त्यासाठी वेळ लागतो, म्हणून वेगही कमी लागतो. महारोहिणीत रक्त सेकंदाला साधारण तीस सेंटिमीटर जातं. केशवाहिनीत सेकंदाला एक मिलिमीटरही नाही. वाट अरुंद तर वेग वाढायला हवा, नाही का? एकच वाट असती तर वाढला असता. पण केशवाहिन्या अब्जावधी आहेत. सगळ्यांची तोंडं एकत्र केली तर नदी पठारावर पसरावी तसं होतं. पाणी तेवढंच, पात्र अफाट, म्हणून प्रवाह मंद. एक रक्तपेशी एका केशवाहिनीत एक ते तीन सेकंद असते. तेवढ्यात सगळा व्यवहार उरकतो.

मग परतीचा रस्ता, नीला. दाब संपलेला आणि पायातून वर चढायचंय. आम्ही अशा चढावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतो. नीलेत तेच आहे. खिशासारख्या पातळ झडपा, वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. आणि पंप? पोटरी. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आतल्या नीला पिळतात, रक्त वर सरकतं, झडप मिटते. नुसतं उभं राहिलं तर घोट्याजवळच्या नीलेत दाब ऐंशी-नव्वदपर्यंत जातो. चालायला लागलं की तो निम्म्याहूनही खाली येतो. फळ्यासमोर तास न् तास उभे राहिलेले शिक्षक, केशकर्तनाचा धंदा करणारे, पोळ्या लाटणाऱ्या बायका, एसटीचे कंडक्टर यांच्या पायावर त्या वेड्यावाकड्या फुगलेल्या निळ्या दोऱ्या दिसतात त्या याच. झडपा नीट मिटेनाशा झाल्या की वरचं रक्त खाली साठतं.

हे सगळं करून बघता येतं. सगळ्यांनी एक हात खाली सोडा. नुसता लोंबू द्या. अर्ध्या मिनिटात मागच्या बाजूच्या नीला फुगतील. एक लांब, सरळ नीला निवडा. दुसऱ्या हाताचं एक बोट बोटांच्या पेराजवळ तिच्यावर दाबून ठेवा. आता दुसऱ्या बोटाने तिथून मनगटाकडे रक्त पुसत न्या आणि ते बोट उचला. मधला भाग रिकामा राहिला ना? वरचं रक्त खाली येत नाही, झडप धरून ठेवते. आता पहिलं बोट उचला. खालून भरली! ज्यांना दिसलं नाही त्यांनी शेजाऱ्याच्या हातावर करा. नाहीतरी शाळेत शेजाऱ्याचंच बघून लिहायचो.

हा प्रयोग विल्यम हार्वेचा. १६२८ सालचं त्याचं पुस्तक. त्याच्या आधी सुमारे चौदाशे वर्षं युरोपात गॅलेनचं म्हणणं चालत होतं की यकृतात रक्त तयार होतं आणि अवयवांत जाऊन संपतं. त्याही आधी काही ग्रीकांना वाटायचं की रोहिण्यांत हवाच असते, कारण मेलेल्या प्राण्याच्या रोहिण्या रिकाम्या दिसायच्या. हार्वेचे गुरू फाब्रिसियस यांनी नीलेतल्या झडपांचं वर्णन १६०३ मध्ये छापलं होतं, पण त्यांना वाटलं त्या रक्ताचा वेग कमी करायला आहेत. हार्वेने साधा हिशेब केला. एका ठोक्याला अगदी अर्धा औंस रक्त गेलं असं धरलं, तरी अर्ध्या तासात हृदय सगळ्या शरीरात मावेल त्यापेक्षा जास्त रक्त फेकतं. एवढं रोज नवं कुठून येणार? म्हणजे तेच फिरतंय. मला हा माणूस आवडतो, कारण त्याने गळतीचा हिशेब मांडावा तसा ताळेबंद मांडला. खरं तर आपलं हृदय अर्ध्या औंसापेक्षा पुष्कळ जास्त फेकतं. मिनिटाला सुमारे पाच लिटर, दिवसाला सात हजार लिटरच्या पुढे.

एक दुवा मात्र त्याला सापडला नाही. रोहिणीतून रक्त नीलेत जातं कसं? तो म्हणाला, काहीतरी वाट असणार. हार्वे १६५७ मध्ये वारला. १६६१ मध्ये इटलीतल्या मालपीगीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. चार वर्षांनी हुकलं.

आता माझ्या डाव्या हाताकडे येतो. सकाळी गळाभेटीच्या वेळी मी हा हात मागे धरत होतो, ते काहींनी विचारलं. एकाने तर "काय रे, पैलवानी सुरू केलीस का?" म्हणून तो दाबलाही. बाही वर करतो. ही मनगटापासून कोपरापर्यंत अंगठ्याएवढी जाड नागमोडी रेघ दिसते ना, ही नीला आहे. आणि हिला नाडी लागते.

आमच्या घराण्यात मूत्रपिंडाचा एक आजार चालत आला आहे, पॉलिसिस्टिक किडनी. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होत जातात आणि वर्षानुवर्षं वाढत जाऊन कामाचा भाग दाबून टाकतात. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. नाणेफेक. वडिलांना होता, मला आला, माझ्या धाकट्या भावाला नाही. माझ्या मुलीची सोनोग्राफी झाली, ती स्वच्छ निघाली. मुलगा तपासायला तयार नाही. तो म्हणतो, "बाबा, कळून काय करू?" मी त्याच्याशी अजून वाद घालतो आहे.

मूत्रपिंड म्हणजे केशवाहिन्यांचंच यंत्र आहे. प्रत्येकात दहा लाखांच्या आसपास गाळण्या, आणि प्रत्येक गाळणीत केशवाहिन्यांचा एक गुंडाळलेला गुच्छ. बाकी सगळीकडे केशवाहिनी संपली की नीला लागते. इथे केशवाहिनीच्या दोन्ही टोकांना सूक्ष्म रोहिणीच असते. येतानाही व्हॉल्व्हमन, जातानाही व्हॉल्व्हमन, म्हणून मधला दाब चढा ठेवता येतो आणि पाणी गाळलं जातं. बाई, हा दुसरा अपवाद, पेपरात नव्हता. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी इथे गाळलं जातं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सगळं परत घेतलं जातं. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं, हा आमचा निकष. तो पुरा करताना आमची दमछाक व्हायची. मुठीएवढे दोन अवयव त्याहून जास्त पाणी फिरवतात आणि तक्रार अर्ज नाही. मधुमेहात आणि वाढलेल्या रक्तदाबात पहिला मार बसतो तो या गुच्छांना आणि डोळ्यांच्या पडद्यातल्या केशवाहिन्यांना. दुखत काहीच नाही. निम्म्याहून जास्त गाळण्या गेल्या तरी माणूस बस पकडायला धावतो. लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, या दोन तपासण्यांशिवाय ते कळत नाही.

माझे आकडे खाली जात होते तेव्हाच मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "डायलिसिस लागायच्या आधी हात तयार करून ठेवू." हात तयार करणं म्हणजे काय, ते मला माझ्याच खात्याच्या भाषेत लगेच कळलं. यंत्राला मिनिटाला तीनशे मिलिलिटरच्या आसपास रक्त लागतं. साध्या नीलेतून एवढं येत नाही, ती मिटून जाते. रोहिणीतून येईल, पण ती खोल असते, दाबाखाली असते, तिला आठवड्यातून तीनदा जाड सुईने टोचत राहिलं तर ती टिकणार नाही. मग करायचं काय? मनगटाजवळची रोहिणी, जिथे वैद्य नाडी बघतो तीच, आणि शेजारची नीला एकमेकींना जोडायच्या. केशवाहिन्या टाळून आडवाट. याला फिस्टुला म्हणतात. आमच्या खात्यात याला बेकायदा नळजोड म्हणतात.

जोडण्याआधी त्यांनी मनगटावरच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दाबल्या, मला मूठ आवळायला लावली, तळवा पांढरा पडला. मग करंगळीकडची सोडली. तळवा लगेच लाल झाला. म्हणजे एक रोहिणी वळवली तरी दुसरी पंज्याला पुरेल. मला फार बरं वाटलं. काम सुरू करण्याआधी पर्यायी लाइन तपासणारा माणूस भेटला.

शस्त्रक्रिया भूल टोचून तासा-दीड तासात झाली. मग दीड महिना थांबायचं आणि रबरी चेंडू दाबत बसायचं. या दीड महिन्यात जे होतं ते तीन गुणांच्या उत्तराला धक्का देणारं आहे. नीलेवर रोहिणीचा दाब आला की नीला बदलते. रुंद होते, भिंत जाड होते. जिथे मिनिटाला मोजकं रक्त जायचं तिथे अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त वाहू लागतं. जाड भिंत हा काही रोहिणीचा जन्मजात दागिना नाही, बराचसा भाग दाबामुळे घडतो. बायपासच्या ऑपरेशनमध्ये पायातली नीला काढून हृदयाच्या रोहिणीला पर्यायी वाट म्हणून लावतात. १९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी क्लीव्हलंडमध्ये ही पद्धत रुळवली. ती नीला उलटी करून बसवावी लागते, नाहीतर झडपाच रक्त अडवतील. आणि तिथेही तेच होतं. नीलेच्या आयुष्यात सहसा न होणारं चरबीचं किटण रोहिणीच्या जागी बसवल्यावर काही वर्षांत तिच्यात धरू लागतं. आपल्यातल्या ज्या तिघांच्या पायावर तो लांब व्रण आहे त्यांना हे माहीत असेलच.

हा फिस्टुला शोधणाऱ्यांचं नाव तुम्हाला सांगितलंच पाहिजे. ब्रेशा, चिमिनो आणि आपेल, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधले तीन डॉक्टर. १९६६ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्याआधी हॉलंडमध्ये कोल्फ यांनी १९४३ मध्येच, महायुद्धाच्या धामधुमीत, सॉसेजच्या सेलोफेन आवरणाची नळी गुंडाळून डायलिसिसचं यंत्र चालवलं होतं. यंत्र होतं, पण दर वेळी नवी रोहिणी आणि नवी नीला कापावी लागे. थोड्याच वेळांत कापायला जागा उरत नसे. १९६० मध्ये सिएटलच्या स्क्रिब्नर यांनी हाताबाहेर टेफ्लॉनची नळी ठेवून वाट काढली. ती गुठळीने बंद पडे, पिकेही. चिमिनोंच्या गटाने बाहेरची नळीच काढून टाकली आणि शरीरातल्याच दोन वाहिन्या जोडल्या. माझ्यासारखी माणसं महिने नव्हे तर वर्षं जगतात त्यात या अर्ध्या इंचाच्या जोडाचा मोठा वाटा आहे.

आता माझी सोमवार-बुधवार-शुक्रवारची पाळी सांगतो. चार तास. हातात दोन सुया. एका सुईची नळी लाल चिमट्याची, तिला 'आर्टेरियल' म्हणतात. दुसरी निळ्या चिमट्याची, 'व्हीनस'. दोन्ही सुया एकाच नीलेत असतात! पहिल्या दिवशी मी टेक्निशियन मुलाला म्हटलं, "अरे, दोन्ही नीलेतच आहेत, लाल-निळं कशाला?" तो म्हणाला, "काका, लाल म्हणजे तुमच्याकडून जाणारी, निळी म्हणजे तुमच्याकडे येणारी." बाई, व्याख्या बरोबर होती. दिशेवरूनच नाव. अडीच गुण द्यायला हरकत नाही.

यंत्रावरची ती उभी नळी म्हणजे माझी केशवाहिनी. आत सुमारे दहा हजार पोकळ धागे, एकेक ०.२ मिलिमीटरचा. त्यांच्या आतून रक्त, बाहेरून औषधी पाणी. माणसाने बनवलेली केशवाहिनी खऱ्या केशवाहिनीपेक्षा वीस-तीस पट जाड आहे, आणि आठवड्यातल्या १६८ तासांपैकी बारा तास चालते. तेवढ्यावर चाललंय. दोन पाळ्यांच्या मधे जे पाणी पितो ते आतच साठतं, केशवाहिन्यांतून पाझरून घोट्याभोवती उतरतं, दाबलं की खड्डा पडतो. यंत्र ते दोन-अडीच लिटर खेचून घेतं. खेचताना दाब घसरतो, पोटऱ्यांत गोळे येतात. शरीरातलं साठ टक्क्यांहून जास्त रक्त नीलांमध्ये असतं, त्या आवळून हृदयाकडे रक्त ढकलतात म्हणून मी शुद्धीवर राहतो. नीला म्हणजे नुसतं गटार नाही, ती साठवण टाकी आहे, हे मला खुर्चीत पडल्या पडल्या कळलं. शुक्रवार ते सोमवार हे अंतर सर्वांत मोठं, म्हणून रविवार माझा सर्वांत कोरडा दिवस. सकाळी तुमचा चहा आणि मघाशी बासुंदी नाकारली ती त्यामुळे. राग नसावा. बासुंदीकडे मी बराच वेळ बघत होतो.

शेजारच्या खाटांवर जे बघतो ते सांगून थांबतो. कितीतरी माणसं धापा टाकत, अचानक येतात. हात तयार नसतो, मग मानेतल्या मोठ्या नीलेत नळी घालावी लागते. मग फिस्टुला करायचा म्हटलं तर हाताच्या नीला आधीच सलाइन आणि सुयांनी निकामी झालेल्या. म्हणून ज्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताचा मनगट ते कोपर आणि वरचा भाग राखून ठेवा. रक्त काढायचं, सलाइन लावायचं तर पंज्याच्या मागची नीला दाखवा आणि तसं तोंडाने सांगा. सिस्टर घाईत असते, तिला कोपराची सोपी जाते. न सांगितलं तर ती तिथेच टोचणार. आपल्या तुकडीत मधुमेह असलेले किती हात आज सकाळी वर आले, ते सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी त्या दोन तपासण्या वर्षातून एकदा करायच्या, एवढंच. डायलिसिसचा खर्च महात्मा फुले योजनेत बसतो, सरकारी रुग्णालयांत केंद्राचा डायलिसिस कार्यक्रमही आहे. कोणाच्या घरी वेळ आली असेल तर मला फोन करा. कागद कुठले लागतात ते मला पाठ आहे. तक्रार अर्जांची सवय कामाला आली.

उद्या सकाळी सातची पाळी आहे, म्हणून रात्रीच्या गाण्यांना मी थांबणार नाही. पण आता चहाच्या सुट्टीत मी या खांबाजवळ बसतो. ज्यांना नीलेला लागणारी नाडी बघायची असेल त्यांनी यावं, बोटं नुसती ठेवायची, दाबायचं नाही. मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते. डॉक्टर मित्राने स्टेथोस्कोप आणलाय, त्यातून ऐकूही येईल. रांग उजवीकडून लावा. पहिल्या बाई.